एचआयव्हीवर संशोधन करायला आता उशीर झालाय का?

नाशिकमध्ये एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला एचआयव्ही आणि संसर्गजन्य रोगांवर संशोधन करायचंय. पण सर म्हणतात, ‘एचआयव्हीचं आता संपलं. गोळ्या फुकट मिळतात, लस काही येत नाही, परदेशी पैसा आटला, दुसरं काही बघ.’ रोज बाधित रक्त हाताळायचं म्हणून आई-पप्पा घाबरलेत. नेट परीक्षा एकदा हुकली आहे. नाशिकहून सुरुवात कशी करायची आणि या क्षेत्रातलं आयुष्य कसं असतं, असं तिने विचारलंय.

तुझ्या सरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून आधी तेच घेते. मी या कामात पडले तेव्हा एचआयव्हीचा रिपोर्ट हातात आला की लोक मृत्युपत्राच्या गोष्टी करायला लागायचे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने काही केंद्रांवर मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, सुरू केली आणि हळूहळू चित्र पालटलं. २०१७ पासून तर सीडी-४ (विषाणू ज्या प्रतिकारपेशींवर हल्ला करतो त्यांची संख्या) कितीही असो, निदान झालं की औषध सुरू, असं धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसातून एकच गोळी लागते, टीएलडी. ती नियमित घेणारा माणूस नोकरी करतो, शेती करतो, पोराबाळांची लग्नं लावतो. नवा विषाणू पहिल्यांदा पकडण्याचा थरार तुला हवा असेल, तर तो काळ १९८३ मध्ये पॅरिसला आणि १९८६ मध्ये चेन्नईला होऊन गेला. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या निर्मला यांनी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, सीरम घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि तपासायला वेल्लोरला नेलं. भारतातला एचआयव्ही असा सापडला. आज असं केलंस तर एथिक्स कमिटी तुला दारातही उभी करणार नाही.

तर संपलं ते सोपं काम. अवघड काम जिथल्या तिथे आहे.

औषध रक्तातला विषाणू इतका खाली आणतं की व्हायरल लोडच्या तपासणीत तो दिसतच नाही. औषध थांबवलं की बहुतेकांत काही आठवड्यांत तो परत हजर. कारण तो सीडी-४ पेशींच्या डीएनएमध्ये आपली प्रत घुसवून गप्प बसतो, आणि त्यातल्या स्मृतिपेशी वर्षानुवर्षं जगतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने हा साठा निम्म्यावर यायला किती काळ लागतो ते मोजलं. उत्तर आलं सुमारे ४४ महिने. या वेगाने नुसत्या गोळ्यांवर तो संपवायला सत्तरहून जास्त वर्षं लागतील. पूर्ण बरे झालेले लोक आहेत, पण मोजके. पहिले टिमोथी रे ब्राऊन. त्यांना ल्युकेमिया होता म्हणून अस्थिमज्जा बदलावी लागली, आणि दाताही असा शोधला की ज्याच्या पेशींवर सीसीआर-५ हे विषाणूचं दारच नव्हतं. हा इलाज नुसत्या एचआयव्हीसाठी कोणी कोणाला देणार नाही. गोळ्या चालू असताना माणूस ठणठणीत असतो, आणि प्रत्यारोपणात तो दगावूही शकतो.

लसीचं तर विचारूच नकोस. २००९ मध्ये थायलंडच्या आरव्ही-१४४ चाचणीत ३१ टक्के संरक्षण दिसलं आणि सगळे हरखून गेले. तीच कल्पना दक्षिण आफ्रिकेसाठी सुधारून वापरली, ती चाचणी २०२० मध्ये थांबवावी लागली. २०२३ मध्ये मोझाइको ही लसचाचणी थांबली. भारतातली पहिली एचआयव्ही लस चाचणी २००५ मध्ये पुण्यात झाली होती. लस सुरक्षित निघाली, पण प्रतिकारशक्ती म्हणावी तशी जागी झाली नाही. लस हवी म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने निवृत्तीपर्यंत अपयशी चाचण्यांचे पेपर लिहायची तयारी ठेवावी. मी हे चेष्टेने म्हणत नाही. ते पेपरही कोणीतरी नीट लिहावे लागतात.

दुसरीकडे, लस नसतानाही प्रतिबंधाचं काम कुठल्या कुठे गेलं. लेनाकापाविर हे इंजेक्शन वर्षातून दोनदा घ्यायचं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या मुली-तरुणींवरच्या चाचणीचा निकाल आला. इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. त्याचं जेनेरिक बनवायचा परवाना ज्या सहा कंपन्यांना मिळाला, त्यात आपल्या पुण्याची एमक्युअरही आहे. आता यातून निघणारे प्रश्न बघ. हे कोणाला द्यायचं? सहा महिन्यांनी परत येणार नाही अशा माणसाचं काय करायचं? शरीरात औषध जेमतेम उरलेलं असताना संसर्ग झाला, तर विषाणू औषधाला दाद न देणारा होईल का? यातल्या निम्म्या प्रश्नांना मायक्रोबायोलॉजी लागते आणि निम्म्यांना एसटीचं वेळापत्रक.

आणखी एक गोष्ट, जी भारतातल्या विद्यार्थ्याने विसरू नये. जगातल्या जवळपास निम्म्या बाधितांमध्ये एचआयव्ही-१ चा सी उपप्रकार आहे, आणि आपल्याकडे मुख्य तोच. पण पाठ्यपुस्तकात तू जे शिकलीस ते बरंचसं बी उपप्रकारावरून आलंय, कारण तो अमेरिका-युरोपात आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात उदयकुमार रंगा यांचा गट सी उपप्रकाराच्या एलटीआर भागावर, म्हणजे विषाणूची जनुकं चालू करणाऱ्या बटणावर, वर्षानुवर्षं काम करतोय. या बटणावर आपल्या पेशीतलं एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन चिकटतं. बी मध्ये त्याच्या साधारण दोन जागा असतात, सी मध्ये तीन, आणि भारतात चार जागांचे विषाणूही पुढे येताना त्यांना दिसले. देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगतायत, त्यात संख्येने महाराष्ट्र पुढे. या विषाणूचा अभ्यास इथे नाही करायचा तर कुठे?

आता काम प्रत्यक्षात कसं असतं ते सांगते. एचपीटीएन ०५२ ही चाचणी घे. नऊ देश, १,७६३ जोडपी, प्रत्येकात एक जण बाधित आणि दुसरा नाही. पुणे आणि चेन्नई यात होते. प्रश्न एकच : बाधित जोडीदाराला औषध लगेच दिलं तर दुसऱ्याचा संसर्ग टळतो का, की सीडी-४ खाली येईपर्यंत थांबलं तरी चालतं? २०११ मध्ये देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने सांगितलं, पुढे थांबू नका, निकाल जाहीर करा. जोडीदाराकडून झालेले २८ संसर्ग होते. त्यातले २७ उशिरा औषध दिलेल्या गटात आणि फक्त एक लगेच औषध दिलेल्या गटात. धोका ९६ टक्क्यांनी कमी. आज कुठल्याही एआरटी केंद्रावर समुपदेशक ‘विषाणू दबलेला असला की तो जोडीदाराकडे जात नाही’ असं ठामपणे सांगतात, त्याच्या मुळाशी हेही काम आहे.

पण पेपरात आणखी एक आकडा आहे. एकूण नवे संसर्ग ३९ होते. म्हणजे जोडीदाराकडून आले असं म्हणता आलं ते २८च. हे कळलं कशावरून? दोघांच्या विषाणूंचे जनुकीय क्रम शेजारी ठेवून. काही जोड्यांत ते जुळले नाहीत, विषाणू घराबाहेरून आला होता. प्रयोगशाळेत ही गोष्ट संगणकावरच्या आकृतीत दोन फांद्या लांब दिसतात, एवढीच असते. पण ती माहिती चुकीच्या माणसाच्या कानावर गेली तर एक घर मोडतं. म्हणून नमुन्यावर नाव नसतं, कोड असतो, आणि कोड-नावाची यादी वेगळ्या कुलपात. नवीन मुलांना हे सगळं कागदी सोपस्कार वाटतात. मला विचारशील तर ज्याला या सोपस्कारांचा कंटाळा येतो, त्याने विषाणू सोडून बुरशीवर काम करावं.

लोकेटर फॉर्म म्हणून एक साधा कागद असतो. सहभागी माणूस तारखेला आला नाही तर त्याला गाठायचं कसं, हे त्यात लिहायचं. नंबर, पत्ता, आणि सगळ्यात महत्त्वाचं : फोन दुसऱ्याच कोणी उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगू? एका अभ्यासात एका बाईंनी सांगितलं, ‘शिवणक्लासवाल्या ताई बोलतेय म्हणा. आणि दुपारीच करा, सासूबाई झोपलेल्या असतात.’ आमच्या समुपदेशक त्यांना कायम दुपारीच फोन करायच्या, आणि सासूबाईंनी उचललाच तर ब्लाऊजच्या मापाचंही बोलायच्या. त्या बाई शेवटच्या भेटीपर्यंत टिकल्या. एखादा अभ्यास यशस्वी होतो तो यावर. सीक्वेन्सर, म्हणजे जनुकीय क्रम वाचायचं यंत्र, किती महागाचा आहे, हे नंतर.

प्रयोगशाळेतल्या टेबलावरचं काम म्हणशील तर सगळ्यात जास्त वेळ जातो तो रक्तातून पीबीएमसी, म्हणजे सीडी-४ सारख्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या करण्यात. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त पीबीएस या खारट द्रावणाने पातळ करायचं आणि फिकॉल या जड द्रवावर नळीच्या कडेने, अगदी सावकाश, थर न मोडता सोडायचं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये सुमारे अर्धा तास, ब्रेक बंद ठेवून. ब्रेक चालू राहिला तर यंत्र झटक्यात थांबतं आणि सगळे थर एकमेकांत मिसळतात. नीट जमलं तर वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला लाल पेशी आणि मध्ये धुक्यासारखी पांढुरकी कडी दिसते. त्या कडीसाठी एवढा आटापिटा. प्लॅस्टिकच्या पाश्चर पिपेटने ती उचलायची, धुवायची, मोजायची, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायची. हे सगळं रक्त काढल्यापासून साधारण आठ तासांत झालं तर पेशी चांगल्या राहतात. नाशिकहून पुण्याजवळ भोसरीला, म्हणजे नारी या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, नमुने पाठवायचे तर गाडी सकाळीच निघायला हवी. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव ठीक जातं. चाकणला अडकलं की संशोधनाची वाट तिथेच लागते.

आता आई-पप्पांची भीती. बाधित सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. त्यावर पीईपी आहे, २८ दिवसांची औषधं, जितक्या लवकर तितकं बरं आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायची. प्रयोगशाळेत तर सुई लागतेच कुठे? बायोसेफ्टी कॅबिनेट, दुहेरी हातमोजे, बंद झाकणांचे सेंट्रिफ्यूज कप, काचेऐवजी प्लॅस्टिक. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी चा धोका याच्या कितीतरी पट, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. म्हणून त्या लसीचे तीन डोस आत्ताच घेऊन टाक, कुठे निवड होईपर्यंत थांबू नकोस. क्लिनिकमध्ये काम असेल तर खरी काळजी टीबीची करायची. खोकणारा माणूस समोर बसलेला असतो आणि खिडकी बंद असते. मास्क आणि उघडी खिडकी यांच्याइतकी स्वस्त उपकरणं मी दुसरी पाहिली नाहीत. अर्थात पालकांची भीती पुष्कळदा रक्ताची नसतेच. ‘मुलगी एड्सच्या लॅबमध्ये आहे’ हे स्थळ बघताना कसं सांगायचं, ही ती असते. ‘पुण्यात सायंटिस्ट आहे’ एवढंच सांगणारे पालक मला माहीत आहेत. चालतं ते.

सरांचा पैशाचा मुद्दा मात्र गंभीरपणे घे. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अडवली आणि जगभर एचआयव्हीची कामं अर्ध्यात लटकली. ज्या जागेचा सगळा पगार एकाच परदेशी ग्रँटवर चालतो, ती पहिली नोकरी म्हणून घ्यायची असेल तर ग्रँटची शेवटची तारीख विचारूनच घे. विचारायला लाजू नकोस. ती माहिती त्यांना तोंडपाठ असते.

म्हणून हे क्षेत्रच सोडावं असं मात्र मला वाटत नाही. यात शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं कामाला येतं, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा एचआयव्हीच्याच इतिहासात आहे. फ्रान्स्वाज बारे-सिनूसी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उंदरांच्या रेट्रोव्हायरसवर, म्हणजे एचआयव्हीच्याच कुळातल्या विषाणूंवर, काम करायच्या. १९८३ च्या जानेवारीत एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीचा तुकडा आला. त्यांना रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे या कुळाचं खास विकर मोजायची सवय होती, त्यांनी ते मोजलं. आकडा वाढला, मग पेशी मरायला लागल्या आणि आकडा पडला. त्यांच्या गटाने रक्तपेढीतून निरोगी दात्याच्या ताज्या पेशी आणून घातल्या, आकडा परत चढला. विषाणू हातचा गेला नाही. २००८ मध्ये त्यांना आणि ल्यूक माँटेनिए यांना नोबेल मिळालं. उंदरांवरचं ‘जुनं झालेलं’ काम नसतं तर त्या दिवशी काय मोजायचं हेच कोणाला सुचलं नसतं. आणि आपल्या डोळ्यांदेखतचं उदाहरण : नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन ज्यांनी पहिल्यांदा ओळखला, त्यांत बोट्सवानाच्या एचआयव्ही प्रयोगशाळेतले सिखुलिले मोयो होते. एचआयव्हीचे क्रम वाचायला बसवलेली यंत्रं आणि माणसं तिथे तयार होती. आपल्याकडे कोविडमध्ये रोज टीव्हीवर दिसणारे डॉ. रमण गंगाखेडकरही पुण्याच्या नारीतून, म्हणजे एचआयव्हीच्या कामातूनच पुढे आलेले. १९९२ पासूनच्या त्या नारीच्या नावातही आता एड्ससोबत ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी आलंय.

नाशिकहून सुरुवात करता येते, आणि माझ्या मते करावीच. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत उन्हाळी इंटर्नशिपला दोन महिने जाऊन जेल चालवायला शिकशील, ते कुठेही शिकता येतं. इथल्यासारखे प्रश्न तिथे नाहीत. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला येतात. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत त्यांचा मुक्काम बागेवर. त्यांच्यातल्या एखाद्याची एआरटीची तारीख हंगामात आली तर तो एका दिवसाची मजुरी बुडवून सिव्हिलला येईल का? नाही आला तर रजिस्टरमध्ये ‘एलएफयू’, म्हणजे संपर्क तुटला, अशी नोंद होते आणि प्रकरण तिथेच मिटतं. तो खरंच सुटला, की दुसऱ्या केंद्रावरून औषध घेतोय, की गोळ्या पुरवून पुरवून खातोय? तिसरं खरं असेल तर त्याच्या विषाणूत काय बदल होतायत, हा शुद्ध मायक्रोबायोलॉजीचा प्रश्न झाला. तसंच मुंबई-आग्रा महामार्गावरच्या आणि आडगावच्या ट्रक टर्मिनलवरच्या ड्रायव्हरांचं. तसंच उशिरा निदानाचं : सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्यावर पहिल्यांदा येणारे लोक अजून आहेत. ते त्याआधी कुठल्या कुठल्या दवाखान्यांत तापाची औषधं घेत होते?

यातला सगळ्यात लहान तुकडा उचल. एमएस्सीच्या प्रबंधात विषाणू वाढवायचा हट्ट धरू नकोस, त्याची सोय कॉलेजात नसते आणि नसलेलीच बरी. एआरटी केंद्राची माहिती वापरायची तर नावं काढलेली माहिती मागावी लागते. त्यासाठी जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडे, म्हणजे सगळे ज्याला डापकू म्हणतात तिथे, आणि तिथून वर राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेकडे रीतसर अर्ज. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात गोपनीयता बंधनकारक आहे, त्यामुळे ‘ओळखीने मिळेल’ असं कोणी म्हटलं तर तिथून उठून ये. मार्गदर्शकांपैकी एक जण वैद्यकीय असला तर काम सोपं जातं. आपल्याकडे आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे, मेडिकल कॉलेज आडगावला आहे, सिव्हिल त्र्यंबक रोडला आहे. तिन्ही ठिकाणी रिक्षाने जाता येतं.

नेट हुकली त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. सीएसआयआर-यूजीसीची नेट वर्षातून दोनदा असते, शिवाय डीबीटीची, म्हणजे जैवतंत्रज्ञान विभागाची, बीईटी परीक्षा आहे. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ) ४२,००० रुपये अधिक घरभाडं मिळतं. पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून हप्ता मात्र बांधू नकोस. मधल्या काळात प्रोजेक्ट असिस्टंटची जागा मिळाली तर घे, पण दोन वर्षांच्या वर राहू नकोस. त्या जागा करारावर असतात आणि माणूस दुसऱ्याचे नमुने फिरवण्यातच अडकतो. पीएचडी, मग एक-दोन पोस्टडॉक, आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत पस्तिशी गाठलेली असते. हे घरी आत्ताच सांगून ठेव.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या बघत बसू नकोस. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. किती जणांनी मध्येच सोडलं, पहिलं नाव विद्यार्थ्याचं लागतं का, आणि रुग्णांचे नमुने स्वतःच्या अभ्यासातून येतात की कोणाकडून तरी मागून आणावे लागतात, एवढं विचार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मागून’ असेल तर तुझी तीन वर्षं वाट बघण्यात जातील.

आणि प्रबंधाचा विषय ठरला की त्याच आठवड्यात एथिक्स कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते विचारून घे. कमिटी दर महिन्याला बसतेच असं नाही. कागद बैठकीच्या पुष्कळ आधी द्यावे लागतात, आणि पहिल्या फेरीत शंका काढून परत येतातच. डिसेंबरात मंजुरी हवी असेल तर संमतिपत्राचा मराठी मसुदा ऑगस्टमध्ये तयार पाहिजे.